वाल्याची सबब

जुलै २०१५ ते जुलै २०१६ या एका वर्षात निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेले तीन हिंदी चित्रपट आले. ‘दृश्यम’मध्ये मुलीच्या हातून घडलेला मृत्यू लपवण्यासाठी बाप सगळं आयुष्य पणाला लावतो. ‘मदारी’मध्ये पूल कोसळून मुलगा गमावलेला बाप गृहमंत्र्याच्या मुलाला पळवून नेतो. या दोहोंच्या मध्ये, २५ मार्च २०१६ला, ‘रॉकी हँडसम’ आला. माणसं मारण्याचं शिक्षण घेतलेला एक एकटा माणूस शेजारच्या लहान मुलीसाठी त्यात अख्ख्या टोळीवर चालून जातो. पहिल्या चित्रपटाची कथा मल्याळममधून आली, ‘रॉकी हँडसम’ची कोरियातून. तरी तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो धर्माचा प्रश्न आहे: मुलासाठी केलेलं पाप किती पाप उरतं?

कामत दादरचे. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या पहिल्याच चित्रपटाने त्यांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्यातला माधव आपटे सचोटीने जगता जगता एक दिवस हातात बॅट घेतो, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने उभे राहतात. चांगल्या हेतूने उचललेला हात कुठवर जातो, हे कामतांचं कुतूहल तिथपासूनचं. ऑगस्ट २०२०मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. ‘रॉकी हँडसम’ त्यांच्या चांगल्या चित्रपटांत कुणी मोजत नाही, आणि चित्रपट म्हणून ते योग्यच आहे. पण त्यातला प्रश्न त्यांच्या सगळ्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

कथा थोडक्यात अशी. कबीर अहलावत (जॉन अब्राहम) गोव्यात गहाणवटीचं दुकान चालवतो. बायकोचा खून झाल्यापासून तो माणसांतून उठलेला आहे. शेजारची नाओमी तेवढी त्याच्याकडे येते, बोलते, जेवते. तिची आई नशेच्या आहारी गेलेली. आई मादक पदार्थांच्या चोरीत अडकते आणि टोळी मायलेकींना उचलून नेते. ही टोळी पोरांकडून माल वाहून घेते आणि माणसांचे अवयव विकते. तिचा म्होरक्या केव्हिन परेरा. ही भूमिका कामतांनी स्वतः केली आहे.

हा साचा जगभर पुन्हा पुन्हा वापरला गेला. जॉन कॅसाव्हेटीसच्या ‘ग्लोरिया’मध्ये (१९८०) गुंडांच्या जगात वावरलेली बाई एका अनाथ झालेल्या पोराला घेऊन न्यूयॉर्कभर पळते. ल्यूक बेसाँच्या ‘लेओं’मध्ये (१९९४) भाडोत्री मारेकरी बारा वर्षांच्या मटिल्डाला दार उघडतो. त्यावरून २०००मध्ये हिंदीत ‘बिच्छू’ आला, पण त्यात मुलीची नायिका झाली, गोष्ट प्रेमकथेकडे वळली आणि प्रश्नच नाहीसा झाला. मग २०१०चा कोरियन ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’. त्या वर्षी कोरियात तयार झालेल्या चित्रपटांत सर्वाधिक चाललेला चित्रपट हाच, आणि ‘रॉकी हँडसम’ त्याचाच अवतार. वेगवेगळ्या देशांतल्या प्रेक्षकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहाविशी वाटते, त्याला कारण आहे. कितीही रक्त सांडलेलं असलं तरी माणसात काहीतरी शाबूत असतं आणि लहान मूल ते बाहेर काढू शकतं, यावर सगळ्यांना विश्वास ठेवायचा असतो.

हा विश्वास खोटा नाही. तो फार जुना आहे, आणि आपल्याकडच्या परंपरांनी तो चित्रपटांपेक्षा कितीतरी खोलवर तपासला आहे.

त्या परंपरा शोधायला लांब जायला नको. नवी मुंबईसारख्या शहरात त्या एकमेकींच्या शेजारी नांदतात. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातल्या ९५ गावांच्या जमिनीवर सिडकोने हे शहर वसवलं. त्या मूळ आगरी-कोळी गावांत आजही हरिनाम सप्ताह बसतात, कीर्तनं होतात. ऐरोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मोठं स्मारक उभं आहे. खारघरमध्ये जानेवारी २०२५मध्ये इस्कॉनचं राधा-मदनमोहन मंदिर पंतप्रधानांच्या हस्ते खुलं झालं. आणि त्याच खारघरच्या पुढे तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. तिथल्या अनेकांवर खुनाचा आरोप आहे किंवा तो सिद्ध झालेला आहे. कीर्तनकाराने, भिक्खूने आणि भागवत सांगणाऱ्याने ज्या माणसाबद्दल बोलायचं, तो माणूस इथे काही किलोमीटरवर, भिंतीआड बसलेला आहे.

कीर्तनातल्या गोष्टीपासून सुरुवात करू. वाल्याची गोष्ट मराठी घरात इतक्या लहानपणी ऐकवली जाते की तिच्यातला मुख्य मुद्दा निसटून जातो. वाटसरूला मारायचं, एक खडा रांजणात टाकायचा. असे सात रांजण भरले. पुढे नारद भेटतात, रामनाम, वारूळ, वाल्मीकी. मूळ वाल्मीकी रामायणात ही गोष्ट नाही. अध्यात्म रामायणात ती येते, पण तिथे त्याला सप्तर्षी भेटतात, नारद लोककथेतले. तपशील बदलले तरी गाभ्याचा प्रसंग बदलत नाही. खून करणं वाईट आहे, असं त्याला कुणी सांगत नाही. ते त्याला माहीत आहे; म्हणून तर तो खडे मोजतो. त्याला विचारतात ते एवढंच, की हे तू कुणासाठी करतोस? तो म्हणतो, बायकापोरांसाठी. मग त्यांना विचारून ये, या पापात ते वाटेकरी होतील का? वाल्या घरी जातो, विचारतो, आणि घरचे नाही म्हणतात. आम्हाला पोसणं तुझं काम, ते कसं करायचं हे तू ठरवलंस.

सात रांजण भरेपर्यंत वाल्याला झोप लागत होती ती या एका सबबीवर. मी घेतो ते स्वतःसाठी नाही, घरात लहान तोंडं आहेत. नारदांनी नेमकी हीच सबब काढून घेतली, आणि ती गेल्यावर वाल्याजवळ फक्त केलेले खून उरले.

मारेकरी आणि मुलाच्या चित्रपटात याच्या नेमकं उलट घडतं. नायकाने पूर्वी मारलेली माणसं कुणाच्या तरी हुकमावरून किंवा पैशांसाठी मारलेली असतात. त्याचं त्याला ओझं आहे, तो कुढत जगतो आहे. मग मूल भेटतं आणि वाल्याची सबब त्याच्या हाती परत येते. आता तो मुलासाठी मारतो. मुलाची भेट होण्याआधी पडद्यावर जितके मुडदे पडतात त्याच्या कितीतरी पट नंतर पडतात, आणि प्रेक्षकाला त्यातला एकही टोचत नाही. मुलाचं निष्पाप असणं नायकाच्या चाकूला पवित्र करून टाकतं.

इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पोरांचे अवयव विकणारी टोळी दारात उभी असताना जपमाळ घेऊन बसायचं का? नाही. बहुतेक धर्म असं सांगत नाहीत. आततायी, म्हणजे जीव घ्यायला चालून आलेला, त्याला मारण्यात दोष नाही, असं स्मृतींनी म्हटलं आहे. भारतीय न्याय संहितेनेही स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी बळ वापरण्याचा हक्क दिला आहे, तो जुन्या दंड संहितेतही होता. पण कायद्याने त्या हक्काला एक मर्यादा घातली आहे: धोक्याची भीती टिकते तेवढाच वेळ तो हक्क टिकतो. धोका संपला, की उरतो तो सूड.

ही कसोटी कोरियन चित्रपटाच्या शेवटाला लावून पाहावी. नायक टोळीच्या अड्ड्यावर पोचतो. म्होरक्या त्याच्यासमोर एक बरणी टाकतो. तिच्यात डोळे आहेत आणि ते त्या मुलीचे आहेत, असं सांगितलं जातं. त्या क्षणी नायकाच्या लेखी मुलगी मेलेली आहे. वाचवायचं कुणी उरलेलं नाही. आणि त्यानंतरच ती प्रसिद्ध मारामारी सुरू होते. नायक एकेकाला कापत जातो. प्रेक्षक सर्वांत जास्त खूश होतात ते याच प्रसंगावर. रक्षणाचं कारण संपलेलं असतं आणि रक्षणाच्या नावाने मिळालेली मोकळीक मात्र चालूच राहते.

याहून मोठी गोष्ट त्याच चित्रपटात आहे आणि ती सहज नजरेआड होते. ते डोळे मुलीचे नसतात. टोळीतल्याच एका भाडोत्री मारेकऱ्याने अवयव काढणाऱ्या डॉक्टरलाच मारलेलं असतं आणि मुलीला वाचवलेलं असतं. का? काही दिवसांपूर्वी त्याच्या कपाळाला जखम झाली होती, आणि कोंडलेल्या त्या पोरीने तिच्याजवळची मलमपट्टी त्या जखमेवर लावली होती. एवढंच कारण. नायकाला हे माहीत नसतं. तो त्या मारेकऱ्याशी चाकूने झुंजतो आणि त्याला मारून टाकतो. म्हणजे मुलीला ज्याने खरोखर वाचवलं तो माणूस नायकाच्या हातून मरतो. ‘रॉकी हँडसम’ने या कथेची चौकट जवळजवळ तशीच उचलली. एका निर्ढावलेल्या खुन्याने अनाथ मुलाला वाचवल्याची खरी गोष्ट या चित्रपटात आहे, पण ती नायकाची नाही. ती नाव लक्षात न राहणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाची आहे, आणि पटकथेने तिला दोन मिनिटंसुद्धा दिलेली नाहीत.

त्या माणसाचं पुढे काय झालं असतं? तो जगला असता, तर वाचवलेल्या एका पोरीच्या बदल्यात त्याचे जुने खून माफ झाले असते का? इथे अंगुलिमालाकडे वळावं लागतं.

१९५७मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला वेगळा भाग दिलेला आहे आणि त्यात अंगुलिमाल आहे. पाली साहित्यात त्याची कथा मज्झिम निकायात येते. कोसल देशातला हा दरोडेखोर मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ घालत असे. तो बुद्धाच्या मागे धावतो. बुद्ध शांतपणे चालत आहेत, तरी याला त्यांना गाठता येत नाही. तो थांबायला सांगतो. बुद्ध उत्तर देतात की ते केव्हाच थांबले आहेत. थांबायचं आहे ते त्याने. सगळ्या सूत्राचा भार या एका मागणीवर आहे. अंगुलिमाल हत्यार दरीत फेकतो आणि तिथेच भिक्खू होतो.

लोकांना कथा इथवर माहीत असते. पुढचा भाग आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. एके दिवशी भिक्षेला गेलेला अंगुलिमाल प्रसूतीत अडलेली बाई पाहतो. बाळ आडवं आलेलं, बाईचा जीव जायची वेळ. तो कळवळून परत येतो. बुद्ध त्याला सांगतात, परत जा आणि सत्याची शपथ घे, की जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुठल्याही जिवाची हत्या केलेली नाही. त्या सत्याच्या बळावर तुझं आणि बाळाचं भलं होवो. अंगुलिमाल म्हणतो, हे तर धडधडीत खोटं होईल. तेव्हा बुद्ध वाक्य दुरुस्त करून देतात: या आर्य जन्मात आल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्यापासून. अंगुलिमाल जातो, ते उच्चारतो, आणि आई आणि बाळ दोघं सुखरूप सुटतात. श्रीलंका, म्यानमार आणि थायलंडमध्ये गरोदर बाईसाठी अंगुलिमाल परित्त हे रक्षणसूत्र आजही म्हटलं जातं. बोटांची माळ घालणाऱ्या खुन्याच्या नावाने बाळंतिणीचं रक्षण मागितलं जातं, याहून मोठं पुनर्वसन कुठल्या परंपरेने कुणाचं केलं असेल?

तरीही सूत्र तिथे संपत नाही. त्यानंतर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांच्या हातची ढेकळं, काठ्या, खापऱ्या त्याला लागतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्याला एकच गोष्ट सांगतात: सोस. जे पुढे नरकात हजारो वर्षं भोगावं लागलं असतं ते तू आत्ता भोगतो आहेस. बाळ वाचवलं म्हणून ढेकळं चुकली नाहीत. आणि ढेकळं मारणाऱ्यांना बुद्धाने दोषही दिला नाही. त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा बाप त्या माळेत असेल.

भागवताचा स्वभाव याहून मऊ आहे. कीर्तनात हमखास येणारा अजामिळ खुनी नाही, पण चोरी, जुगार आणि फसवणूक यांवर जगलेला आहे. म्हातारपणी त्याचा सगळा जीव धाकट्या मुलात, नारायणात. मरताना यमदूत दिसतात आणि तो घाबरून मुलाला हाक मारतो. त्या नावासरशी विष्णुदूत धावून येतात. इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद यांनी या कथेवर केलेलं विवेचन स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने निघालं आहे. नाममाहात्म्य म्हणून ती कथा सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या हाकेत बापाचं वेडं प्रेमही होतं, आणि ग्रंथकाराने नेमकं तेच दार उघडं ठेवलं. पूतनेबाबत तर भागवत त्याच्याही पुढे जातं. ती बाळं मारायलाच पाठवलेली, विष लावून आलेली. तरी तिने कृष्णाला पाजलं, एवढ्यावरून तिला आईची गती मिळाली.

ही कृपा फुकटची आहे का? पूतनेच्या बाबतीत उत्तर देता येत नाही. ती तिथेच संपली. अजामिळाच्या बाबतीत येतं. विष्णुदूतांनी सोडवल्यावर तो घरी जाऊन पूर्वीसारखा राहत नाही. दोन्ही दूतांचा वाद त्याने ऐकलेला असतो. आपण काय करून बसलो याचा त्याला पश्चात्ताप होतो, सगळं सोडून तो गंगाद्वाराला जातो आणि उरलेलं आयुष्य साधनेत घालवतो. म्हणजे मऊ परंपराही थांबण्याची अट सोडत नाही. हिशोबाची भाषा मात्र ती सोडून देते. कुराणातल्या पाचव्या सूऱ्याच्या बत्तिसाव्या आयतीतही, एका भावाने दुसऱ्याचा खून केल्याची कथा सांगून झाल्यावर, असंच काही येतं: अन्यायाने एकाला मारणं हे सगळ्या मानवजातीला मारण्यासारखं, आणि एकाला वाचवणं हे सगळ्यांना वाचवण्यासारखं. दोन्ही बाजूंना सगळी मानवजात असेल तर वजाबाकी करता येत नाही. वाचवलेला एक जीव मारलेल्या एका जिवाला फेडत नाही, आणि मारलेला जीव वाचवलेल्याचं मोल कमीही करत नाही. दोन्ही पूर्ण राहतात. ‘रॉकी हँडसम’सारख्या चित्रपटाला हे पेलत नाही. त्याला शेवटी शिल्लक शून्य हवी असते.

आणि या सगळ्यात मुलाचं काय? खुन्याचा उद्धार होतो की नाही, या चर्चेत मूल हळूहळू साधन होऊन जातं. नाओमी कबीरला माणसांत आणते; नाओमीचं कोण? ‘लेओं’च्या शेवटी मटिल्डा शाळेच्या आवारात लेओंने जपलेलं कुंडीतलं झाड जमिनीत लावते, त्याचं फार कौतुक झालं. पण ती बारा वर्षांची मुलगी तोवर घरच्यांचे मृतदेह पाहून आलेली आहे, पिस्तूल चालवायला शिकलेली आहे आणि ज्या एका माणसाचा आधार होता तोही तिने गमावला आहे. शिवाय बेसाँने तिच्या त्या माणसाबद्दलच्या ओढीला दिलेला रंग आज पाहताना अस्वस्थ करतो, आणि तो अस्वस्थ करायलाच हवा. मुलाने वाचवणाऱ्याच्या एकटेपणावर औषध व्हावं, ही अपेक्षा मुलावर अन्याय करणारी आहे.

कायदा इथे चित्रपटापेक्षा मुलाच्या बाजूला जास्त आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. दत्तक नियमावली, २०२२ सांगते की दत्तक घेऊ पाहणाऱ्या व्यक्तीला कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. म्हणजे पडद्यावरचा कबीर पहिल्याच कारणाने बाद, आणि शिक्षा झाली तर दुसऱ्यानेही. प्रेक्षकाला हे कोरडं वाटेल. पण नियम करताना डोळ्यांसमोर कबीर नसतो. प्रेमळ चेहऱ्याने येणारा दुसरा कुणीतरी असतो.

तो दुसरा कुणीतरी नवी मुंबईने पाहिलेला आहे. २०११मध्ये कळंबोलीच्या एका आश्रमात ठेवलेल्या मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह काही आरोपींना दोषी ठरवलं. त्या मुलींना तिथे ठेवलं होतं ते रक्षणासाठी. चित्रपट आपल्याला सांगतो की खुनी दिसणाऱ्या माणसात रक्षक असू शकतो. कळंबोलीने दाखवलं की रक्षक म्हणून नेमलेल्या माणसात कोण असू शकतं. म्हणून अनाथ मुलाचं रक्षण एखाद्या माणसाच्या अंतःकरणावर सोडता येत नाही, मग ते अंतःकरण कितीही हललेलं असो. तपासणी लागते, भेटी लागतात, बाल कल्याण समिती लागते, आणि मुलाला बोलता येईल असं कुणीतरी तिऱ्हाईत लागतं.

पण खुन्याच्या अंतःकरणाला काहीच वाव नाही का? आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातच, आटपाडीत आहे. १९३९मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी तिथे स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांत, खुनात शिक्षा झालेले कैदी, भिंत नाही, बेड्या नाहीत, कसायला जमीन आणि सोबत बायकामुलं. सांगली जिल्ह्यातली ही खुली वसाहत आज राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. ज्याने माणूस मारला आहे त्याच्या हाती तिथे लेकरू दिलं, पण बंदूक दिली नाही. नांगर दिला.

याच प्रयोगावरून त्याच भागातल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. त्यात सहा खुनी आणि आदिनाथ हा जेलर आहे. त्यांनी पिकवलेली भाजी स्वस्तात विकली जाते म्हणून बाजारातले गुंड त्यांच्यावर तुटून पडतात. एकेक जण दहा माणसांना लोळवील असा. पण हात उचलायचा नाही, असं त्यांनी आदिनाथला वचन दिलेलं असतं. ते मार खातात. श्रावस्तीतला अंगुलिमाल आणि आटपाडीचे हे सहा जण एकाच वाटेवर आहेत, आणि मारेकरी-रक्षकाच्या सगळ्या चित्रपटांहून शांतारामांचा चित्रपट या प्रश्नाबाबत जास्त धीट आहे. मारू शकणाऱ्याने मार खाणं दाखवायला दिग्दर्शकाला छाती लागते.

‘रॉकी हँडसम’मध्ये कबीर ज्यांना मारतो त्या गुंडांना घरं असतील, त्यांतल्या काहींना लेकरं असतील. चित्रपट त्यांच्याकडे बघत नाही. एका खुनानंतर अनेकदा दोन घरांतली मुलं उघड्यावर येतात: मेलेल्याची आणि तुरुंगात गेलेल्याची. आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्यासोबत राहू शकतं. अशा मुलांच्या अन्नाबद्दल, शिक्षणाबद्दल, आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात तपशीलवार निर्देश दिले. बाप आत असेल तर मूल बाहेर असतं, आणि बाहेर कुणाला त्याच्याबद्दल विचारायचं सुचत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून महाराष्ट्रातल्या कारागृहांत काम करतो, तो या घरांपर्यंत जायचा प्रयत्न करतो. राज्यातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाने कैद्यांना आपल्या लहान मुलांना काही मिनिटं कुशीत घेऊ दिलं जातं. जाळी नाही, काच नाही. नायकाच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा ही काही मिनिटं धर्माच्या जास्त जवळ आहेत.

नवी मुंबईत अशी मुलं आपल्या इमारतीच्या वॉचमनकडे, बाजारसमितीच्या आसपास, तळोज्याच्या वसाहतींत, एखाद्या आजीजवळ वाढत असतात. त्यांच्यासाठी कुणी नायक व्हायची गरज नाही. आई-वडील दोन्ही नसलेल्या, किंवा पालक तुरुंगात असलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबाला राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. खारघर, कळंबोली, पनवेल, तळोजा इथल्यांसाठी जिल्हा रायगड. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोलीकरांसाठी ठाणे. ज्या आजीला अर्ज लिहिता येत नाही तिला तो लिहून द्यावा, तिच्यासोबत कार्यालयात जावं. आणि कुठलंही मूल एकटं, घाबरलेलं किंवा नको त्या माणसाच्या ताब्यात दिसलं, तर १०९८ वर फोन करावा. तो क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.